लंडनपर्यंतची सोबत

रत्नागिरीच्या माणसाला एकटं माणूस बघवत नाही. बाजारात पुरुष एकटा दिसला तरी चार जण विचारतात, "एकटेच?" आणि बाई एकटी दिसली तर तिला विचारतही नाहीत, सरळ तिच्या घरी जाऊन सांगतात. हे सगळं मी लहानपणापासून पाहत आले होते. पण याच खोडीपायी एक दिवस माझं विलायतेला जाणं अडून बसेल असं काही वाटलं नव्हतं.

एकोणीसशे तीस साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. वय सव्वीस, लग्न झालेलं नव्हतं, आणि ते का झालं नव्हतं याची चर्चा करून लोक दमले होते. लंडनला शिक्षिकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो असं कळलं म्हणून मी अर्ज केला, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना वैशाखात शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचं पत्र आलं. पत्रात एकच अट होती. उमेदवार अविवाहित स्त्री असेल तर वडिलांच्या सहीचं संमतिपत्र जुलैअखेर मुंबईच्या कचेरीत पोचलं पाहिजे. न पोचल्यास जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्यात येईल.

सही करायला वडिलांना अर्धं मिनिट पुरलं असतं. त्यांना दोन महिने लागले.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. कलेक्टर कचेरीत शिरस्तेदारी करून ते निवृत्त झाले होते, आणि कचेरी सुटली तरी कचेरीची रीत सुटली नव्हती. घरात कोथिंबीर आणायची तरी आधी तोंडी मसुदा व्हायचा. खोटं बोललेलं त्यांना मुळीच खपत नसे. दारी आलेल्या माणसाला "घरात नाहीत म्हणून सांग" असं त्यांनी कधी सांगितलं नाही. नको असलेल्या माणसाला "मी घरात आहे पण भेटणार नाही" असं ते स्वतः बाहेर येऊन सांगायचे. त्यांनी मंजुरीचं पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "उत्तम. सही करतो. आधी सोबत मिळू दे."

आईने लगेच माजघरातून पुस्ती जोडली, "सोबत नसेल तर मी उंबऱ्यात आडवी पडेन हो. मला ओलांडून जा नि मग काय ते शिक."

आमच्याकडे सोबत ही काय चीज आहे ते कोकणाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. कुणी मुंबईला बोटीने निघालं की ती बातमी आळीभर फिरते, आणि निघायच्या दिवसापर्यंत त्याच्या गळ्यात दोन-तीन माणसं बांधली जातात. कुणाची सून, कुणाची म्हातारी मावशी. "तुम्ही जाताच आहात, तर आमच्या हिला तेवढी सोबत होईल." नाही म्हणायची पद्धत नाही. ज्याच्या सोबतीने जायचं त्याला पुढची वाट ठाऊक आहे का, त्याला बोट लागते का, हे कुणी विचारत नाही. दुसरं माणूस आहे ना, मग झालं!

मी दहा वर्षांची असताना अशीच सोबतीने गिरगावात मामाकडे निघाले होते. सोबत होती शेजारच्या काकूंची. जयगड यायच्या आत काकू आडव्या झाल्या आणि त्यांच्यापुढे भांडं धरायचं काम माझ्याकडे आलं. हर्णेला उतारूंच्या होड्या, म्हणजे पडाव, बोटीला लागले तेव्हा त्यांना एकदम आठवलं की आपली बहीण इथेच दिली आहे. त्या तरातरा उठल्या आणि तिथून चढणाऱ्या एका अनोळखी बाईला म्हणाल्या, "हिला तेवढी गिरगावात पोचवा." एवढं सांगून त्या पडावात उतरून गेल्या. मुंबई आल्यावर त्या बाईने धक्क्यावर मला विचारलं, "गिरगाव कुठे आलं गो?" मी आदल्या वर्षी जाऊन आले होते म्हणून तिला हाताला धरून मीच घेऊन गेले. घरी मात्र आईने आजतागायत तीच गोष्ट अशी सांगितली की, सोबत होती म्हणून पोर सुखरूप पोचली.

तर आता या असल्या सोबतीची लंडनपर्यंत सोय लावायची होती.

नानांनी एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर मोडीत झोकदार अक्षरात लिहिलं, 'प्रवासाची सुरक्षितता.' त्याखाली मार्ग. मुंबईहून बोटीने मार्सेल्स, तिथून आगगाडीने पॅरिस, पॅरिसला एक मुक्काम, मग कॅले, खाडी ओलांडून डोव्हर, आणि लंडन. प्रत्येक शहरापुढे एक रकाना, 'संभाव्य धोके'. तो रकाना भरायला त्यांनी बोलावलं कुणाला, तर समोरच्या तात्यांना.

तात्या आळीतले परदेशचे तज्ज्ञ. तरुणपणी ते कुठल्याशा व्यापाऱ्याचे कारकून म्हणून एडनला गेले होते आणि तिथलं पाणी न मानवल्यामुळे चार महिन्यांत परत आले होते. त्या चार महिन्यांवर त्यांनी तीस वर्षं काढली. जगातल्या कुठल्याही शहराची गोष्ट निघाली की "आम्ही एडनला असताना" म्हणून सुरुवात. त्यांनी पॅरिस पाहिलं नव्हतं, पण पॅरिसचे चोर त्यांना चेहऱ्यानिशी ठाऊक होते. "पेटीला सुतळी बांधायची," तात्या म्हणाले, "आणि दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. पेटी हलली की जाग येते." नानांनी ते लिहून घेतलं. मी म्हटलं, "तात्या, स्टेशनात मी उभी असेन की निजलेली?" त्यावर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच चोरांना सामील आहे.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. सही नाही, तिकीट नाही, पासपोर्टाचा पत्ता नाही, आणि ओटीवर रोज दुपारी पॅरिसचा बंदोबस्त चालला होता. गंमत म्हणजे, पावसाळ्यात रत्नागिरीहून मुंबईला पोचायचं कसं, हा खरा प्रश्न कुणी काढतच नव्हतं. बंदर बंद झालं होतं. माझी बोट सप्टेंबरच्या सुरुवातीला मुंबईहून सुटणार, तेव्हा आमच्या आगबोटी सुरू झालेल्या नसतील, म्हणजे आंबा घाटाने मोटारीने कोल्हापूर आणि पुढे रेल्वे. घाटात दरड आली तर दोन-दोन दिवस खोळंबा. मी हे नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "घाटाचं काय एवढं? घाट आपलाच आहे."

एके दिवशी तर त्यांनी तालीमच घेतली. नाना झोपाळ्यावर बसले, ते पॅरिसचे तिकीटमास्तर. तात्या खांबाआड उभे राहिले, ते परदेशी लफंगे. मी हातात माझी शाळेची पिशवी घेऊन पायऱ्या चढून यायचं, तिकीट मागायचं, आणि वाटेत तात्या गाठतील तेव्हा त्यांना इंग्रजीत झिडकारायचं. तात्या धोतराचा सोगा खोचून पुढे आले आणि म्हणाले, "गुड इव्हनिंग, मिस. मे आय कॅरी युवर बॅग?" मी म्हटलं, "नो, थँक यू."

"थँक यू कशाला?" नाना झोपाळ्यावरून ओरडले. "लफंग्याचे आभार मानतेस?"

पुन्हा पायऱ्या उतरा, पुन्हा चढा. चौथ्या खेपेला मी खरोखरच चिडून तात्यांना असं काही बोलले की ते दोन पावलं मागे सरले. नाना खूश झाले. आतून आईचा आवाज आला, "तात्या, चहा निवतोय हो," आणि परदेशी लफंगे चहा प्यायला माजघरात गेले.

आईचा बंदोबस्त वेगळा होता. तिने माझ्या परकरांना आतून चोरखिसे शिवायला घेतले. एक पासपोर्टाला, एक तिकिटाला, एक कागदपत्रांना, एक औषधांना, एक अंगाऱ्याच्या पुडीला. परकरागणिक सात खिसे झाले. घालून पाहिला तर बसता येईना, आणि कुठल्या खिशात काय ठेवायचं ते तिला आठवेना आणि मला सांगता येईना. मी म्हटलं, "आई, तिकीट तपासनीस आला तर मी त्याच्यासमोर परकर उलटा करू का?" ती म्हणाली, "जिभेला हाड म्हणून नाही मेलीच्या," आणि आठवा शिवायला बसली.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मला ना फ्रेंच येत होतं, ना मी कधी एकटी हॉटेलात उतरले होते. पुण्याला कॉलेजात चार वर्षं काढली, पण तिथेही प्रत्येक फेरी सोबतीनेच झाली होती. रात्री-बेरात्री परक्या शहरात उतरले आणि घ्यायला कुणी आलं नाही तर काय करायचं, हे मला कुणाला तरी शांतपणे विचारायचं होतं. पण घरात सगळेच इतके घाबरलेले की माझ्या भीतीला बसायला जागाच उरली नव्हती. मी जरा कचरले असते तर नानांनी ती वही मिटून कायमची फडताळात टाकली असती. म्हणून मी सारखी ठणकावून बोलायचे, आणि त्याचाही मला वैताग यायचा.

आणखी एका गोष्टीची मला चीड होती. आमच्या किनाऱ्यावरची निम्मी माणसं दर्यावर्दी. राजिवडा, मिरकरवाडा या खलाशांच्या वस्त्यांत जाऊन कुठल्याही अंगणात हाक मारली असती तर मार्सेल्सच्या धक्क्यावर उतरलेला, लंडनच्या गोदीत थंडीने काकडलेला कुणीतरी ओ देऊन बाहेर आला असता. पण आमची शहाणी मंडळी विचारायची कुणाला, तर एडनहून जुलाब घेऊन परत आलेल्या तात्यांना! खलाशांना काय विचारायचं? काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. मी महिनाभर नानांच्या मागे लागले. शेवटी एका उघडीपीच्या सकाळी ते छत्री घेऊन उठले आणि म्हणाले, "चल. पण बोलणं मी करीन."

राजिवड्याला एक म्हातारे सारंग राहत. सारंग म्हणजे आगबोटीवरच्या खलाशांचा मुकादम. तीस वर्षं विलायती बोटींवर काढून ते आता दारात जाळी विणत बसायचे. त्यांनी नानांना बाकडं दिलं, मला त्यांच्या सुनेने आतून पाट आणून दिला. नानांनी वही उघडली आणि मार्सेल्सपासून धोके वाचायला सुरुवात केली. सारंगांनी दोन पानं ऐकून घेतली, मग जाळं बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे वळले.

"बाय, तुला एक सांगतो, तेवढाच ध्यानात ठेव. परक्या गावात वाट इचारायची ती बसलेल्या मानसाला. दुकानवाला, तिकीटवाला, कोपऱ्यावरचा पोलीस. जो जाग्यावरनं हलत नाय, त्याला उद्या पन तिथंच बसायचा असता, तो खोटा सांगनार नाय. आनि जो आपनहून चालत येतो नि गोड बोलतो, तो केवढा बी मोठा साहेब असू दे, त्याच्यासंगती जायचा नाय."

मी विचारलं, "आणि रात्री उतरले नि घ्यायला कुणी आलंच नाही तर?"

"तर हलायचा नाय. ठेसनात बायांची बसायची खोली असते, तिथं जाऊन बसायचा. उजाडला म्हंजे शहर अर्धा लहान होता."

इतके दिवस मला जे हवं होतं ते या माणसाने दोन मिनिटांत दिलं. मला रडूच यायला लागलं. नानांनी घसा खाकरून मुद्द्याचं विचारलं, "तुमच्या पाहण्यात विलायतेला जाणारं कुणी आहे का? सोबतीला?"

सारंग हसले. "सोबत कशाला, रावसाहेब? मी तीस वर्सं पोरं नेली नि आनली. टोळक्यानं उतरलेला खलाशी हरवतो. तो म्हनतो दुसऱ्याला वाट ठावकी हाय, दुसरा म्हनतो ह्याला. एकटा उतरलेला सुद्दीत असतो."

नानांनी वही मिटली. परत येताना ते वाटभर माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिले. मला वाटलं, राग आला. घरी आल्यावर आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "माणूस अनुभवी आहे," आणि आंघोळीला गेले.

पण सोबतीचा शोध काही थांबला नाही, आणि आषाढात ती सापडली. दापोलीच्या एक विधवा काकू, साठीच्या, लंडनजवळ डॉक्टर असलेल्या मुलाकडे जाणार होत्या, त्याच बोटीने. नानांच्या जुन्या ओळखीतून हे कळलं. नानांनी त्यांच्या पुतण्याला चार पानी पत्र घातलं की, आमच्या मुलीला काकूंनी लंडनपर्यंत सांभाळावं. उलटटपाली उत्तर आलं. 'आपले पत्र वाचून फार संतोष झाला. आम्ही काकूंसाठी सोबतच शोधत होतो. त्यांना इंग्रजी येत नाही, बोट लागते, आणि गर्दीत घाबरतात. आपली मुलगी सुशिक्षित आहे, तरी तिने काकूंना लंडनपर्यंत सांभाळावे.'

मी कपाळावर हात मारला. "नाना, हे काय? यांनी मला त्यांच्या गळ्यात बांधलं नाही, त्यांनाच माझ्या गळ्यात बांधलंय!"

"मग?" नाना म्हणाले. "दोघींनाही सोबत झाली."

"अहो, पण त्या मला कसल्या सांभाळणार?"

"सांभाळायला कोण सांगतंय? माणूस आहे ना बरोबर?"

आईचा तर आनंद गगनात मावेना. आळीत विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगायला आता तिच्याकडे उत्तर होतं. "एकटी कुठे? दापोलीच्या डॉक्टरांच्या मातोश्री आहेत ना संगतीला!" ज्या काकूंना तिने जन्मात पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी तिने वेगळं मेतकूट केलं, वेगळी आमसुलं बांधली, त्यांच्या डोक्याला लावायला सुंठसुद्धा उगाळायच्या सहाणेसकट दिली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती पोटभर जेवली. नाना म्हणाले, "आता पुतण्याकडून तिकिटाचा आकडा कळला की सही करतो." जुलै संपायला बारा दिवस उरले होते.

चार दिवसांनी शाळेत माझ्या नावाचं पत्र आलं. काकूंनी स्वतः लिहिलं होतं, पेन्सिलीने, मोठमोठ्या अक्षरांत. पाखाडीच्या पायऱ्यांवरून पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, आता यंदा जाणं नाही. 'तुझी सोबत हुकली याचे फार वाईट वाटते. तू माझ्यासाठी थांबू नकोस.'

मधल्या सुट्टीत मी ते पत्र पाच-सहा वेळा वाचलं. मग ते माझ्या टेबलाच्या खणात, हजेरीपटाच्या खाली सारून दिलं आणि कुलूप घातलं. मी काय करते आहे हे मला पुरतं कळत होतं. नानांच्या घरात वाढलेली मी, साधी थाप मारली तरी कान लाल व्हायचे. पण घरी सांगितलं असतं तर पुन्हा शोध, पुन्हा वही, पुन्हा तात्या, आणि तोवर जुलै उलटून गेला असता. माझी जागा दुसरी कुणीतरी घेऊन गेली असती आणि मी जन्मभर त्या शाळेत नद्यांची नावं पाठ करून घेत राहिले असते. मला जायचं होतं. इतकं कशाचंच मला कधी हवंसं वाटलं नव्हतं.

घरी आले तर आई काकूंसाठी कुळथाचं पीठ दळायला बसली होती. मी जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि खुंट्याला हात लावला. पीठ पडत होतं आणि मला स्वतःची शिसारी येत होती.

त्यानंतर दोन-तीन दिवस पुतण्याच्या पत्राच्या धसक्यात गेले. पोस्टमन आळीत दिसला की मी आधी त्याच्या हातातला गठ्ठा बघायचे. मी शाळेत असताना काय येतं-जातं ते मला कळत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. एका संध्याकाळी नाना ओटीवर बसले होते. मी चपला काढते आहे तोच म्हणाले, "तो कागद आण."

मी कागद आणला. त्यांनी दौत ओढली, सही केली, खाली तारीख घातली आणि वाळूने टिपून माझ्याकडे दिला. तिकिटाच्या आकड्याचं नाव नाही. मी बावळटासारखी विचारून बसले, "काकूंचं...?"

"कळलं काय ते," ते तुसडेपणाने म्हणाले. "उद्या रजिस्टर कर. आणि फाटे फोडू नकोस." मग त्यांनी पंचा उचलला आणि विहिरीवर गेले. मी मनात म्हटलं, म्हणजे पुतण्याने अजून काही कळवलेलं नाही, नानांना उगाच घाई झाली आहे, आणि माझं नशीब थोर आहे. दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधीच मी तिथे जाऊन उभी राहिले.

पुढचे पाच आठवडे मी चोरासारखे काढले. आई दिवसाआड विचारायची, "काकू दापोलीहून निघाल्या असतील का हो?" आणि नाना वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचे, "त्या परस्पर मुंबईला यायच्या आहेत." त्यांचा तो विश्वास पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. किती साधा माणूस, मी म्हणायचे, आणि मी याला फसवते आहे.

निघालो तेव्हा आई-नाना दोघंही पोचवायला आले. घाटात दरड नव्हती, पण मोटार दोनदा बंद पडली आणि आम्ही तिघंही चिखलात उतरलो. कोल्हापूरहून रेल्वेत आईने काकूंसाठी बांधलेलं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. मुंबई जवळ येऊ लागली तसा माझा धीर सुटत गेला. धक्क्यावर काकू दिसणार नाहीत. आई गर्दीत शोधेल, मग रडेल, मग मला परत चल म्हणेल, आणि नाना माझ्याकडे पाहतील. मी मनात दहा सबबी तयार केल्या. एकही नानांसमोर टिकणारी नव्हती.

बोटीच्या धक्क्यावर ही गर्दी. साहेब, मडमा, हमाल, हार घातलेले शेठ. आई टाचा उंच करून पाहायला लागली. "अहो, कुठे दिसत नाहीत त्या. साठीच्या विधवा बाई कुठे लपणार आहेत?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते आजही ठाऊक नाही.

"तुम्ही इथेच थांबा," नाना म्हणाले. "मी बघून येतो." आणि ते गर्दीत शिरले. मी तिथेच खिळून उभी राहिले. दहा-पंधरा मिनिटांनी ते घाम पुसत परत आले.

"भेटल्या," ते आईला म्हणाले. "वर जाऊन बसल्यासुद्धा. पुतण्या होता बरोबर. फार सालस बाई. साठीच्या आहेत, पण अजून ठणठणीत आहेत. मला म्हणाल्या, काही काळजी करू नका, माझ्या लेकीसारखी नेईन."

आईने डोळे मिटून हात जोडले. "आणि हे गाठोडं?"

"हिच्याकडेच दे. ही देईल."

मी नानांकडे बघत राहिले. ते माझ्याकडे बघेनात. छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरून ते बोटीच्या धुराड्याकडे पाहत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मग मला सगळं उलगडत गेलं. पुतण्याचं पत्र आलं होतं. सही केली त्या दिवशीच आलं असणार. बाईंचं हाड मोडलंय हे कळल्यावर त्यांनी तो कागद मागितला होता. आणि काकूंनी मला शाळेत परस्पर कळवलंय, हेही त्या पत्रात असणार.

आधी मला रागच आला. पाच आठवडे! पाच आठवडे मी गुन्हेगारासारखी घरात वावरले, आईबरोबर जात्यावर बसताना मला मान वर करवत नव्हती, आणि या माणसाने एका शब्दाने मला मोकळं केलं नाही! पाया पडायला वाकले तेव्हा मी हळूच म्हटलं, "नाना, त्या काकू..."

"गप," ते पुटपुटले. "आई बघत्ये."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते," ते म्हणाले. "झोप लागत नाही महिनाभर. पण ती माझी भीती आहे, माझी मी बघून घेईन. तू जा."

मी गाठोडं घेऊन शिडी चढले. वर कठड्याशी जाऊन खाली पाहिलं तर इतक्या माणसांत ती दोघं सापडेनात. मग नानांची छत्री दिसली. नाना ती वर रोखून आईला काहीतरी दाखवत होते. मी त्या दिशेने पाहिलं. माझ्यापासून दहा हातांवर एक म्हातारी पारशीण कठड्याला टेकून आपल्या माणसांना रुमाल हलवत होती, पांढरं पातळ, डोक्यावरून पदर. आईने तिला पाहिलं, गर्दीतून दोन पावलं पुढे आली आणि दोन्ही हात जोडून, मान पार खाली वाकवून तिला नमस्कार केला. पारशीण गोंधळली. तिने मागे वळून पाहिलं, कुणी नव्हतं. मग तिनेही हात जोडले.

मी गाठोडं उचललं आणि आईला दिसेल अशी त्या बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले.